बायोस

बायोस, म्हणजेच बेसिक इनपुट-आउटपुट सिस्टीम, ही वैयक्तिक संगणकाच्या मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठवलेली आज्ञावली होय. संगणकाला वीज मिळताच प्रोसेसर सर्वप्रथम हीच आज्ञावली चालवतो. रॅम, कळफलक, डिस्प्ले कार्ड, डिस्क इत्यादी भाग ओळखून त्यांना कामासाठी सज्ज करणे आणि त्यानंतर डिस्कवरील कार्यप्रणालीच्या हाती संगणकाचा ताबा सोपवणे हे तिचे मुख्य कार्य आहे. यंत्राच्या सुट्या भागांना हार्डवेअर आणि त्यांवर चालणाऱ्या आज्ञावल्यांना सॉफ्टवेअर म्हटले जाते. बायोस या दोहोंच्या मधली असल्याने तिची गणना फर्मवेअर या प्रकारात होते.

सन २०१२ नंतर तयार झालेल्या बहुतेक डेस्कटॉप संगणकांत मूळच्या बायोसची जागा यूईएफआय या नव्या रचनेने घेतली आहे. तरीही दुरुस्ती करणारे, विक्रेते आणि खुद्द मदरबोर्डचे निर्मातेही तिला बायोस असेच संबोधतात. या लेखातही जेथे भेद महत्त्वाचा आहे तेवढीच ठिकाणे वगळता बायोस हा शब्द याच व्यापक अर्थाने वापरला आहे.

इतिहास

बायोस ही संज्ञा अमेरिकन संगणकतज्ज्ञ गॅरी किल्डॉल यांनी १९७५च्या सुमारास आपल्या सीपी/एम या कार्यप्रणालीसंदर्भात प्रथम वापरली. त्या काळी प्रत्येक उत्पादकाच्या संगणकाची अंतर्गत रचना निराळी असे. किल्डॉल यांनी कार्यप्रणालीचा यंत्रावर अवलंबून असणारा भाग वेगळा काढला. त्यामुळे नव्या यंत्रावर सीपी/एम चालवायचे झाल्यास एवढाच छोटा भाग नव्याने लिहावा लागे. मात्र ही बायोस चकतीवरून रॅममध्ये येत असे, ती यंत्रात कोरलेली नव्हती.

आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला, तेव्हा बायोस प्रथमच आजच्या अर्थाने लोकांसमोर आली. या संगणकात ती ८ किलोबाइट एवढ्या लहानशा रॉममध्ये सामावलेली होती. तिच्या लेखनात डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याचा मोठा वाटा होता. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू करण्याची सोयही त्यांचीच. आयबीएमने या संगणकाच्या तांत्रिक पुस्तिकेत बायोसची संपूर्ण संहिता छापली होती. संहिता वाचायला खुली असली तरी तिच्यावर कंपनीचा स्वामित्वहक्क होता, आणि नेमकी हीच गोष्ट पुढील घडामोडींस कारणीभूत ठरली.

आयबीएमचा संगणक बाजारात मिळणाऱ्या सर्वसाधारण भागांपासून बनलेला होता. प्रोसेसर इंटेलचा होता, तर कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घेतलेली होती. प्रतिस्पर्ध्यांना अडवणारा खरा अडसर होता तो बायोसचा. कॉम्पॅक कंपनीने त्यावर कायदेशीर तोडगा शोधला. अभियंत्यांच्या एका गटाने आयबीएमची बायोस अभ्यासून ती काय काम करते याचे फक्त वर्णन लिहून काढले. ती संहिता कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून स्वतंत्र बायोस लिहिली. हाच मार्ग अवलंबून फिनिक्स कंपनीने तयार केलेली बायोस १९८४ पासून इतर उत्पादकांना विकत मिळू लागली. अवॉर्ड आणि अमेरिकन मेगाट्रेंड्स या कंपन्याही याच व्यवसायात उतरल्या. अवॉर्ड कंपनी १९९८ मध्ये फिनिक्समध्ये विलीन झाली. बायोस विकत मिळू लागल्यामुळेच सुटे भाग जोडून संगणक तयार करणे जगभर शक्य झाले. मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत भाग निवडून संगणक जोडून देण्याची जी पद्धत रुजली, तिचे मूळही येथेच आहे.

संगणक सुरू होण्याची प्रक्रिया

वीजपुरवठा स्थिर झाल्याचा संकेत एसएमपीएसकडून मिळेपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला थांबवून ठेवतो. तो संकेत मिळाल्यावर प्रोसेसर एका ठरावीक पत्त्यावरील पहिली आज्ञा उचलतो. तो पत्ता बायोसच्या चिपकडे नेणारा असतो. या क्षणी रॅम वापरण्यायोग्य झालेली नसते, म्हणून बायोसचा सुरुवातीचा भाग रॅमविना चालेल अशा रीतीने लिहावा लागतो. आधुनिक बायोस यासाठी प्रोसेसरच्या आतील कॅश स्मृतीचा तात्पुरता उपयोग करते.

यानंतर स्वयंचाचणी होते. तंत्रज्ञ तिला पोस्ट म्हणतात. प्रोसेसर, रॅम आणि डिस्प्ले यांची तपासणी हा तिचा गाभा असतो. रॅमच्या प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते. त्या चिपमध्ये पट्टीची क्षमता, वेग व विद्युतदाब यांची नोंद असते. ही नोंद वाचून बायोस रॅमच्या संकेतांच्या वेळा जुळवते. डीडीआर५ प्रकारच्या रॅममध्ये ही जुळवाजुळव प्रथमच करताना काही मिनिटेही लागू शकतात, आणि तोवर पडदा काळाच राहतो. संगणक बंद पडला असे समजून अनेक जण या वेळी वीज तोडतात. त्यामुळे जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नवीन जोडणीच्या वेळी किंवा रॅम बदलल्यावर थोडा धीर धरणे म्हणूनच आवश्यक असते.

चाचणी पूर्ण झाल्यावर ठरवलेल्या क्रमानुसार बायोस एकेक डिस्क तपासते. पारंपरिक पद्धतीत डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा विभाग रॅममध्ये घेतला जातो. त्याच्या शेवटच्या दोन बाइटमध्ये ठरावीक खूण आढळल्यास त्यातील आज्ञा चालवल्या जातात. खूण न आढळल्यास पुढील डिस्क पाहिली जाते. एकही योग्य डिस्क न सापडल्यास बूट करण्याजोगे साधन नसल्याचा संदेश पडद्यावर येतो. डिस्क निकामी झाल्याचा निष्कर्ष या संदेशावरून लगेच काढणे घाईचे ठरते. विसरून लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह, सैल झालेली साटा केबल किंवा बदललेला बूटक्रम ही कारणेही तितकीच सामान्य आहेत.

सीमॉस आणि तिचा सेल

मूळ आयबीएम संगणकात सेटिंग साठवण्याची सोय नव्हती. मदरबोर्डवरील छोट्या स्विचांद्वारे रॅम किती व फ्लॉपी ड्राइव्ह किती हे यंत्राला सांगावे लागे, आणि वीज गेल्यावर तारीख-वेळही पुसली जाई. १९८४ मध्ये आलेल्या आयबीएम एटी या संगणकात मोटोरोला कंपनीची घड्याळाची चिप आणि तिच्यासोबत बॅटरी देण्यात आली. या चिपमध्ये ६४ बाइट स्मृती होती. त्यांपैकी १४ बाइट घड्याळासाठी राखीव होते व उरलेल्यांत सेटिंग ठेवली जात. ही स्मृती सीमॉस या अत्यल्प वीज वापरणाऱ्या तंत्राने बनलेली असल्यामुळे तिलाच सीमॉस हे नाव पडले. एटी संगणकात सेटिंग बदलण्याची आज्ञावली वेगळ्या फ्लॉपीवर मिळत असे. पुढे ती बायोसच्या चिपमध्येच समाविष्ट झाली.

आज या कामासाठी बहुधा सीआर२०३२ हा नाण्याच्या आकाराचा लिथियम सेल वापरला जातो. त्याचा व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर आणि विद्युतदाब ३ व्होल्ट असतो. हा सेल पुन्हा भारित करता येत नाही. घड्याळाची गती सेकंदाला ३२,७६८ कंपने करणाऱ्या स्फटिकावर अवलंबून असते. ही संख्या दोनचा पंधरावा घात असल्याने ती पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक सेकंद मिळतो.

सेल क्षीण झाल्याचे पहिले लक्षण म्हणजे मागे पडणारी किंवा दरवेळी काही वर्षे मागे जाणारी तारीख. तिचे परिणाम अनपेक्षित ठिकाणी दिसतात. चुकीच्या तारखेमुळे संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे मुदतबाह्य किंवा अद्याप लागू न झालेली ठरतात आणि ब्राउझर बँकेचे किंवा ईमेलचे पान उघडण्यास नकार देतो. वापरकर्ता इंटरनेट बिघडल्याची तक्रार घेऊन येतो, आणि उपाय मात्र काही रुपयांच्या सेलमध्ये असतो. मात्र घड्याळ नेमके साडेपाच तास चुकत असेल, तर सेल बदलून काहीही साधत नाही. विंडोज ही कार्यप्रणाली घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्सच्या बहुतेक वितरणांत जागतिक प्रमाणवेळ ठेवली जाते. एकाच संगणकावर दोन्ही असल्यास भारतात हा साडेपाच तासांचा फरक पडतो. दोन्हींपैकी एका प्रणालीची सेटिंग बदलणे हा त्यावरील उपाय होय.

सेटिंगचे समायोजन

संगणक सुरू होत असताना डिलीट किंवा एफ२ ही कळ दाबल्यास बहुतेक मदरबोर्डांवर बायोसचे सेटिंग उघडते. काही उत्पादक एफ१० किंवा एफ१ वापरतात. बदल करण्यापूर्वी मूळ मूल्यांची मोबाइलवर छायाचित्रे घेऊन ठेवण्याची तंत्रज्ञांची सवय अनुकरणीय आहे, कारण एखादा बदल अंगाशी आला तर मूळ स्थिती नेमकी कोणती होती हे आठवणे कठीण असते.

सर्वाधिक वापरली जाणारी सेटिंग म्हणजे बूटक्रम. पेन ड्राइव्हवरून कार्यप्रणाली बसवताना तो तात्पुरता बदलावा लागतो. त्यासाठी कायमचा क्रम बदलण्यापेक्षा एफ११, एफ१२ किंवा एफ८ या कळेने मिळणारी एकवेळची बूट यादी वापरणे अधिक सोयीचे असते.

डिस्क नियंत्रकाची पद्धत हे सेटिंग मात्र जपून हाताळावे लागते. साटा डिस्कसाठी आयडीई, एएचसीआय व रेड अशा पद्धती असतात. विंडोज ज्या पद्धतीत बसवलेली आहे, त्याच पद्धतीसाठीचा ड्रायव्हर ती सुरुवातीला वापरते. बायोसमधील पद्धत अचानक बदलल्यास विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि ती निळा पडदा दाखवून थांबते. या वेळी डिस्कवरील विदा पूर्णतः सुरक्षित असते आणि पद्धत पूर्ववत करताच संगणक सुरू होतो. हे ठाऊक नसल्याने डिस्क फॉरमॅट करून अकारण सर्व विदा गमावल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या व्यवसायात कमी नाहीत. सीमॉसचा सेल संपल्यानेही पद्धत मूळ मूल्यावर परत जाऊ शकते. त्यामुळे काल चालू असलेला संगणक आज निळा पडदा दाखवत असेल, तर घड्याळाची तारीख बरोबर आहे का हे प्रथम पाहावे.

रॅमच्या वेगाविषयीचा गैरसमजही व्यापक आहे. डीडीआर४ रॅमच्या वेष्टनावर ३२०० हा वेग छापलेला असला, तरी अनेक पट्ट्या बायोसच्या मूळ सेटिंगमध्ये २१३३ किंवा २६६६ या वेगानेच चालतात. छापील वेग मिळवण्यासाठी पट्टीतील चिपमध्ये नोंदवलेली एक्सएमपी ही पूर्वरचना बायोसमधून सुरू करावी लागते. इंटेलने ही सोय २००७ मध्ये आणली. एएमडीने डीडीआर५साठी २०२२ मध्ये एक्स्पो नावाची अशीच सोय दिली. या पूर्वरचनेत विद्युतदाबही वाढतो. डीडीआर४साठी तो प्रमाण १.२ व्होल्टऐवजी अनेकदा १.३५ व्होल्ट होतो. सर्वच प्रोसेसर व मदरबोर्ड हा वेग पेलतील असे नाही. वेग वाढवल्यावर अधूनमधून संगणक गोठू लागला किंवा संकुचित फाइल उघडताना चुका दिसू लागल्या, तर रॅमची चाचणी करून वेग एक पायरी खाली आणणे इष्ट असते. अस्थिर रॅमचा सर्वात मोठा धोका संगणक बंद पडण्याचा नसून फाइलमध्ये नकळत चुकीची विदा लिहिली जाण्याचा असतो.

प्रोसेसरचा वेग व विद्युतदाब वाढवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. यातील जोखीम केवळ हौशी वापरकर्त्यांपुरती मर्यादित नाही. मदरबोर्ड उत्पादकांनीच दिलेली मूळ मूल्ये अपायकारक ठरल्याचे अलीकडे दोनदा दिसून आले. २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर सॉकेटसह जळाल्याचे आढळल्यावर एएमडीने नव्या बायोसद्वारे एका अंतर्गत विद्युतदाबावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील उच्च क्षमतेच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत अतिरिक्त विद्युतदाबामुळे हळूहळू होणारी झीज आढळून आली. २०२४ मध्ये इंटेलने बायोसमार्फत सुधारित मायक्रोकोड दिला आणि या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. सुधारणेमुळे पुढील झीज टळते, पण आधीच झिजलेला प्रोसेसर पूर्ववत होत नाही. या पिढीचा संगणक दुरुस्तीस आल्यास बायोसची आवृत्ती तपासणे हे म्हणूनच पहिल्या कामांपैकी एक असते.

आभासी संगणक चालवण्यासाठी लागणारी व्हर्च्युअलायझेशनची सोय इंटेलच्या मदरबोर्डांवर व्हीटी-एक्स आणि एएमडीच्या मदरबोर्डांवर एसव्हीएम या नावाने आढळते. अभ्यासासाठी लिनक्स किंवा अँड्रॉइड आभासी रीतीने चालवणाऱ्या विद्यार्थ्यांना ती सुरू करावी लागते. वीज गेल्यानंतर ती परत येताच संगणक आपोआप सुरू व्हावा की बंद राहावा, याचेही सेटिंग असते. सीसीटीव्हीची नोंद ठेवणाऱ्या किंवा दुकानात सतत चालणाऱ्या संगणकासाठी ते उपयुक्त असले, तरी भारनियमन व वारंवार खंडित होणारी वीज असलेल्या भागात यूपीएसविना ते सुरू ठेवल्यास डिस्कवर वारंवार आघात होतात. पंख्यांच्या वेगाचा आलेखही येथेच ठरवता येतो.

बायोसला दोन प्रकारचे संकेतशब्द देता येतात. एक सेटिंगमध्ये शिरण्यासाठी असतो आणि दुसरा संगणक सुरू करण्यासाठी. जुन्या डेस्कटॉपमध्ये हे संकेतशब्द सीमॉसमध्ये असल्याने सेल काढताच पुसले जात. आता अनेक यंत्रांत, विशेषतः लॅपटॉपमध्ये, ते फ्लॅश चिपमध्ये साठवले जातात आणि सेल काढून काहीच होत नाही.

सेटिंग पूर्ववत करणे

चुकीच्या सेटिंगमुळे संगणक सुरूच होत नसेल, तर सीमॉस पुसावी लागते. त्यासाठी प्रथम वीजजोडणीची दोरी काढून टाकतात. केवळ बटण बंद करणे पुरेसे नसते, कारण संगणक बंद असतानाही एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्टचा राखीव पुरवठा करत असतो. दोरी काढल्यावर सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरल्यास कपॅसिटरमध्ये उरलेला भार निघून जातो. त्यानंतर मदरबोर्डवरील यासाठीच्या दोन पिना जंपरने अथवा पेचकसाच्या टोकाने काही सेकंद जोडतात. या पिना कोठे आहेत हे पुस्तिकेत पाहूनच ठरवावे. अंदाजाने भलत्याच पिना जोडल्यास मदरबोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. पिना नसल्यास सेल काही मिनिटे काढून ठेवतात.

यूईएफआय

पारंपरिक बायोस प्रोसेसरच्या १६ बिट अवस्थेत चालत असे आणि तिला फक्त १ मेगाबाइट स्मृती उपलब्ध होती. डिस्कच्या विभागणीची जुनी एमबीआर पद्धत ३२ बिटांत विभागांची मोजणी करत असल्याने ५१२ बाइटच्या विभागांनुसार सुमारे २ टेराबाइटपलीकडील जागा वापरता येत नसे. इंटेलने आपल्या इटॅनियम या प्रोसेसरसाठी ईएफआय ही नवी रचना विकसित केली होती. तिच्या पुढील विकासासाठी २००५ मध्ये यूईएफआय मंच स्थापन झाला. या रचनेत फर्मवेअर एफएटी पद्धतीच्या छोट्या विभागातील फाइल वाचून कार्यप्रणाली सुरू करते. मोठ्या डिस्कसाठी जीपीटी ही विभागणी वापरली जाते.

जुन्या कार्यप्रणाली चालाव्यात म्हणून अनेक वर्षे यूईएफआयमध्ये सीएसएम नावाचा अनुकूलतेचा भाग दिला जात असे. तो नव्या यंत्रांतून कमी होत गेला आहे. जीपीटी डिस्कवर बसवलेली विंडोज सीएसएम पद्धतीत सुरू होत नाही आणि एमबीआर डिस्कवरील विंडोज शुद्ध यूईएफआय पद्धतीत सुरू होत नाही. जुनी डिस्क नव्या मदरबोर्डला जोडल्यावर ती दिसते पण बूट होत नाही, या नेहमीच्या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते.

सिक्युअर बूट हा यूईएफआयचा महत्त्वाचा घटक आहे. मान्यताप्राप्त किल्लीने स्वाक्षरी केलेलाच बूट कार्यक्रम चालवणे हे त्याचे तत्त्व असून २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून त्याचा प्रसार झाला. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी यूईएफआय, सिक्युअर बूटची क्षमता आणि टीपीएम २.० या अटी घालण्यात आल्या. टीपीएम हे सांकेतिक किल्ल्या जपणारे साधन आहे. अनेक संगणकांत ते प्रोसेसरमध्येच असते, मात्र बायोसमधून बंद ठेवलेले असते. इंटेलच्या यंत्रांत पीटीटी व एएमडीच्या यंत्रांत एफटीपीएम या नावाखाली ते सुरू करता येते. विंडोज १० ला मिळणारा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे या सेटिंगचे महत्त्व वाढले. संगणक अपात्र ठरवून नवा घेण्यापूर्वी ते तपासून पाहिल्यास खर्च वाचू शकतो.

हार्डवेअरची देखभाल व दोषशोधन

डेस्कटॉपच्या अनेक तक्रारींचे मूळ धूळ, उष्णता आणि सैल जोडणी यांत असते. कॅबिनेट उघडण्यापूर्वी वीज तोडणे आणि कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युतभार घालवणे आवश्यक असते. हा भार माणसाला जाणवण्याइतका नसतानाही चिपला हानी पोहोचवू शकतो. एसएमपीएसची पेटी मात्र अनुभव नसताना उघडू नये. भारतातील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या एसएमपीएसमधील मुख्य कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि दोरी काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो.

ब्लोअरने धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवतात. मोकळा पंखा हवेने वेगाने फिरल्यास त्याचे बेअरिंग खराब होते. प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधील थर्मल पेस्ट वाळल्यास तापमान वाढते, आणि संगणक सुरू होऊन काही मिनिटांत बंद पडू लागतो. अशा वेळी बायोसमधील तापमानाचे पान उपयोगी पडते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी पेस्ट लावतात. तिचे काम दोन पृष्ठभागांमधील सूक्ष्म पोकळ्या भरण्याचे असल्याने जाड थर देऊन लाभ होत नाही.

संगणक सुरू होतो, पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच येत नाही, या स्थितीत रॅमवर पहिला संशय घेतला जातो. कोकणासारख्या दमट हवेच्या भागात, विशेषतः पावसाळ्यात, रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर मळाचा थर बसतो. पट्टी काढून संपर्कभाग मऊ खोडरबराने पुसण्याचा उपाय भारतातील बहुतेक तंत्रज्ञ करतात आणि तो पुष्कळदा लागूही पडतो. मात्र खोडरबर सोन्याचा पातळ मुलामाही थोडाथोडा घासून काढत असल्याने वारंवार तसे करणे योग्य नव्हे. खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू नये याचीही काळजी घ्यावी लागते.

दोष तरीही सापडत नसेल, तर सर्व अतिरिक्त भाग काढून केवळ प्रोसेसर, रॅमची एक पट्टी आणि डिस्प्ले एवढ्यांवर संगणक सुरू करतात. तो चालल्यास एकेक भाग परत जोडून दोषी भाग शोधला जातो. या कामी बायोसही मदत करते. पडदा सुरू होण्यापूर्वी आढळलेला दोष ती स्पीकरच्या ध्वनींनी कळवते. अवॉर्डच्या बायोसमध्ये एक दीर्घ आणि दोन ऱ्हस्व ध्वनी म्हणजे डिस्प्लेचा दोष. इतर कंपन्यांचे संकेत वेगळे असल्याने एका बायोसचा तक्ता दुसऱ्या बायोसला लावता येत नाही. अलीकडच्या मदरबोर्डांवर स्पीकरऐवजी प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले व बूट यांसाठी चार छोटे दिवे असतात. चाचणी जेथे अडते त्या भागाचा दिवा लागून राहतो.

बायोसचे अद्ययावतीकरण

पूर्वी रॉममधील बायोस बदलण्यासाठी चिपच बदलावी लागे. १९९०च्या दशकात फ्लॅश चिप आल्यावर ती संगणकातूनच पुन्हा लिहिता येऊ लागली. नव्या प्रोसेसरला आधार, सुरक्षेतील त्रुटींची दुरुस्ती आणि रॅमची सुधारित जुळणी ही अद्ययावतीकरणाची प्रमुख कारणे होत. एएमडीच्या एएम४ सॉकेटबाबत हा प्रश्न विशेष जाणवला. नवा रायझन प्रोसेसर जुन्या मदरबोर्डमध्ये बसत असे, परंतु बायोस अद्ययावत केल्याशिवाय संगणक सुरू होत नसे, आणि बायोस अद्ययावत करण्यासाठी आधीचा प्रोसेसर हाताशी असावा लागे. काही मदरबोर्डांवर १६ मेगाबाइटच्या चिपमध्ये सर्व पिढ्यांची माहिती मावत नसल्याने नव्या आवृत्तीत जुन्या प्रोसेसरांचा आधार काढूनही टाकावा लागला.

अद्ययावतीकरणात खरी जोखीम वीज खंडित होण्याची असते. लेखन अर्धवट राहिल्यास चिपमध्ये धड जुनीही बायोस उरत नाही आणि नवीही पूर्ण होत नाही. म्हणून हे काम यूपीएसवर करतात आणि पूर्ण होईपर्यंत कोणतेही बटण दाबत नाहीत. फाइल नेमक्या त्याच मॉडेलची आणि त्याच सुधारणा क्रमांकाची असावी लागते, कारण एकाच नावाच्या मदरबोर्डच्या दोन सुधारणांमध्ये चिपसेट किंवा इतर घटक निराळे असू शकतात. अद्ययावतीकरणानंतर सेटिंग मूळ मूल्यांवर येतात. विंडोजमध्ये बिटलॉकर सुरू असल्यास तो आधी स्थगित करणे अत्यावश्यक आहे. तसे न केल्यास पुढील वेळी संगणक ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागतो, आणि ती जवळ नसल्यास डिस्कवरील विदा उघडण्याचा दुसरा मार्ग उरत नाही. अनेक नव्या संगणकांत डिस्कचे सांकेतिकीकरण वापरकर्त्याच्या नकळत सुरू झालेले असते. त्यामुळे ग्राहकाकडून किल्लीची खात्री करून घेतल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये.

लेखन फसल्यास काही मदरबोर्डांवर दुसरी राखीव चिप असते. काहींमध्ये प्रोसेसर व रॅम नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस लिहिण्याची सोय असते. यांपैकी काहीच नसेल, तर तंत्रज्ञ आठ पायांच्या फ्लॅश चिपला चिमट्याने प्रोग्रामर जोडून ती बाहेरून लिहितात. काही चिप ३.३ व्होल्टवर, तर काही १.८ व्होल्टवर चालतात. हा फरक न पाहता प्रोग्रामर जोडल्यास चिप जळू शकते. चिपमधील मूळ मजकूर लिहिण्याआधी वाचून जतन केला जातो, कारण मदरबोर्डचा अनुक्रमांक व नेटवर्कचा पत्ता पुष्कळदा त्यातच असतो.

सुरक्षितता

पुन्हा लिहिता येणारी बायोस ही सोय तशीच धोक्याचीही वाट ठरली. तैवानमधील चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच हा विषाणू २६ एप्रिल १९९९ रोजी जगभरातील विंडोज ९५ व ९८ संगणकांवर सक्रिय झाला. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसून तो फ्लॅश चिपमधील बायोसवरही निरर्थक मजकूर लिहीत असे. ज्या यंत्रांत हे लेखन यशस्वी झाले ती चिप बदलल्याशिवाय सुरूच होईनात. या घटनेनंतर लेखनास अटकाव करणाऱ्या सोयींकडे उत्पादकांचे लक्ष गेले.

यूईएफआय अधिक गुंतागुंतीची असल्याने तिच्यावरील हल्लेही अधिक सूक्ष्म आहेत. २०१८ मध्ये ईसेट या कंपनीने लोजॅक्स नावाचा यूईएफआयमध्ये दडणारा घुसखोर कार्यक्रम उघडकीस आणला. कार्यप्रणाली पुन्हा बसवली किंवा डिस्क बदलली तरी तो टिकून राहत असे. २०२३ मध्ये लोगोफेल या नावाने जाहीर झालेल्या त्रुटी तर संगणक सुरू होताना दिसणाऱ्या बोधचिन्हाचे चित्र वाचणाऱ्या संहितेत होत्या.

मुक्त पर्याय

बहुतेक उत्पादकांची बायोस बंदिस्त असते. रॉन मिनिच यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत लिनक्सबायोस हा मुक्त प्रकल्प सुरू केला. २००८ मध्ये त्याचे नाव कोअरबूट असे झाले. हार्डवेअर किमान आवश्यक तेवढे सज्ज करून पुढील काम दुसऱ्या कार्यक्रमाकडे सोपवणे हे त्याचे धोरण आहे. गूगलच्या क्रोमबुक संगणकांत कोअरबूट वापरले जाते. सर्वसामान्य डेस्कटॉप मदरबोर्डांपैकी फारच थोड्यांना त्याचा आधार आहे, कारण रॅम सज्ज करण्याची माहिती प्रोसेसर उत्पादक सहसा खुली करत नाहीत.